हायस्कूलमधे असतानाच कॉलेजचं क्रेडिट कसं घ्यायचं, आणि घेतलेलं वाया कसं जाऊ द्यायचं नाही

अमेरिकेत पोरगं नववीत गेलं की आपल्या लोकांच्या प्रत्येक ग्रुपवर तोच प्रश्न, एकूण किती एपी (हायस्कूलमधेच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे विषय, शेवटी त्यांची परीक्षा असते) घेतलेल्या बऱ्या. कोणी म्हणतं आठ, कोणी बारा, मग कोणाच्या तरी भाच्याने पंधरा घेतल्या होत्या असं निघतं आणि बाकीच्या आईबाबांची झोप उडते. पण आकडा नंतर. आधी हे विचारायचं की त्यातून मिळणारं क्रेडिट (डिग्रीसाठी जमा होणारं कोर्सचं माप) शेवटी घेणार कोण आणि कशाच्या जागी घेणार, कारण परीक्षा कोणीही घेवो, ग्रेड कोणीही देवो, ज्या कॉलेजातून डिग्री घ्यायची ते कॉलेज जेवढं मान्य करेल तेवढंच तुमचं. त्यामुळे हे काम उलट्या बाजूने करायचं, आधी कॉलेजचे नियम बघायचे आणि मग हायस्कूलचे विषय ठरवायचे.

थोडं गणित आधी करून टाकू. बॅचलर्स डिग्रीला साधारण 120 सेमिस्टर क्रेडिट लागतात, एका सेमिस्टरला 15 च्या आसपास, आणि एक नेहमीचा कोर्स 3 चा (सायन्सला लॅब असली तर 4). म्हणजे 30 क्रेडिट घेऊन गेलात की कागदावर एक वर्ष वाचलं. कागदावर म्हणतेय कारण क्रेडिट दोन जातींचं असतं. एक जे एखाद्या सक्तीच्या कोर्सच्या जागी बसतं, म्हणजे फ्रेशमन (पहिल्या वर्षाचं) इंग्लिश किंवा कॅल्क्युलस वन किंवा हिस्टरीची अट सुटली. दुसरं जे नुसतं इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) म्हणून जमा होतं. समजा मुलीने 24 क्रेडिट नेले, त्यातले 9 अटींमधे बसले आणि 15 इलेक्टिव्हमधे पडले, आणि तिच्या इंजिनियरिंगच्या चार वर्षांच्या प्लॅनमधे मोकळ्या इलेक्टिव्हची जागाच 6 क्रेडिटची आहे, तर उरलेले 9 ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रिकेवर) छान दिसतात आणि उपयोग शून्य. हे बारावीनंतरच्या जुलैत कळण्यापेक्षा नववीत कळलेलं बरं.

तर पहिलं काम. मुलाला जिथे जावंसं वाटेल अशी चार-पाच कॉलेजं काढा, त्यात आपल्या राज्याच्या एक-दोन पब्लिक युनिव्हर्सिट्या हव्यातच, कारण शेवटी तिथे जाणारी मुलं खूप असतात आणि क्रेडिटच्या बाबतीत त्याच जास्त उदार असतात. प्रत्येक कॉलेजचं नाव आणि पुढे एपी क्रेडिट एवढं सर्च केलं की रजिस्ट्रारचं टेबल सापडतं. साधारणपणे पहिल्या कॉलममधे परीक्षा, दुसऱ्यात स्कोअर, तिसऱ्यात त्यांचा कोर्स नंबर, चौथ्यात किती क्रेडिट. सगळ्यांचं लक्ष चौथ्या कॉलमकडे जातं, तुम्ही तिसरा वाचा. तिथे खरा कोर्स नंबर असेल तर तो मुलाच्या मेजरच्या (मुख्य विषयाच्या) प्लॅनमधे आहे का ते दुसऱ्या टॅबमधे उघडून बघा. नंबराच्या जागी नुसतं इलेक्टिव्ह लिहिलेलं असेल किंवा आकड्यांऐवजी एक्स एक्स असं काहीतरी असेल तर समजायचं की हे जमा होईल पण कुठल्याच अटीत बसणार नाही. आणि टेबलच्या खाली बारीक अक्षरात जे तारे मारलेले असतात ते जरूर वाचा, बिझनेस किंवा इंजिनियरिंगचे वेगळे नियम तिथेच लपलेले असतात. एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या साइटवरही कॉलेजचं नाव टाकून पॉलिसी बघायची सोय आहे, सुरुवातीला चाळायला ती ठीक, पण शेवटचा शब्द कॉलेजच्या स्वतःच्या पानाचा.

किती फरक असतो बघा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया 3 किंवा वरच्या स्कोअरला क्रेडिट देते. इलिनॉयमधे तर कायदाच आहे की पब्लिक कॉलेजांनी 3 ला क्रेडिट द्यायचं. उलट कॅलटेक एपीचं क्रेडिट देतच नाही आणि डार्टमथनेही 2018 साली बाहेर पडणाऱ्या बॅचपासून बंद केलं. एमआयटी मोजक्याच परीक्षांना देतं, एपी कॅल्क्युलसच्या दोन परीक्षांपैकी वरच्या, बीसीमधे 5 असेल तर त्यांचा 18.01 हा पहिला कॅल्क्युलस सुटतो, 4 ला नाही. म्हणजे ज्या कॉलेजांच्या नावाने आपण पोरांना इतक्या एपी घ्यायला लावतो त्यातली बरीचशी क्रेडिटच देत नाहीत. तिथे एपी उपयोगी पडते ती अॅडमिशनसाठी, ती गोष्ट वेगळी आणि तिचा हिशोब वेगळा ठेवायचा.

आता एपी. वर्षभर शाळेत क्लास, मे महिन्यात परीक्षा, जुलैत 1 ते 5 मधला स्कोअर. नुसता क्लास केला आणि परीक्षा दिली नाही तर जीपीएमधे (ग्रेडच्या सरासरीत) वजन मिळेल, कॉलेजचं क्रेडिट नाही. परीक्षा मे महिन्यात असली तरी नाव नोंदवायचं शरद ऋतूतच, शाळा सुरू झाली की टीचर एक जॉइन कोड देतात तो मुलाने स्वतःच्या अकाउंटमधे टाकायचा आणि परीक्षा देणार असं नोंदवायचं, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत शाळा ऑर्डर देते आणि त्यानंतर जागे झालात तर 40 डॉलर जास्तीचे. परीक्षेची फी 2025 ला अमेरिकेत 99 डॉलर होती, कमी उत्पन्न असेल तर सवलत असते आणि काही राज्यं-डिस्ट्रिक्ट पूर्ण फी भरतात, काउन्सेलरला विचारायला लाजू नका. 2025 पासून बऱ्याचशा परीक्षा ब्लूबुक नावाच्या अॅपवर गेल्यात, त्यामुळे लॅपटॉपवर ते आधी टाकून, एकदा सराव पेपर देऊन बघा.

शाळेत एखादी एपी नसेल तरी परीक्षा देता येते, क्लास घेतलाच पाहिजे असा नियम नाही. फक्त बाहेरच्या मुलाला बसू देणारी शाळा शोधावी लागते आणि त्यासाठी आसपासच्या शाळांच्या एपी कोऑर्डिनेटरना सप्टेंबरमधेच फोन करायचे, एप्रिलमधे फोन केलात तर कोणी दारात उभं करणार नाही.

विषय निवडताना एकदोन गोष्टी आपल्या लोकांना हमखास माहीत नसतात. इंजिनियरिंगला जायचं असेल तर फिजिक्स 1 आणि 2 पेक्षा फिजिक्स सी बघा, कारण इंजिनियरिंगला कॅल्क्युलसवाली फिजिक्स लागते आणि 1-2 चं क्रेडिट बऱ्याच ठिकाणी इलेक्टिव्हमधे जातं. कॅल्क्युलस बीसी दिली की एबीचा (त्याखालच्या परीक्षेचा) सबस्कोअर वेगळा येतो, त्यामुळे बीसी थोडी हुकली तरी एबीवर पहिला कॅल्क्युलस सुटण्याची आशा असते, म्हणून दोन्ही परीक्षा देण्याची गरज नाही. आणि इंग्लिश, यूएस हिस्टरी, गव्हर्न्मेंट, इकॉनॉमिक्स, सायकॉलॉजी यांना कमी लेखू नका हो, आपली पोरं सायन्सच्या मागे धावतात पण कॉलेजात कुठल्याही मेजरला लागणाऱ्या जनरल एज्युकेशनच्या अटी यांनीच सुटतात.

एपीचा सगळ्यात मोठा फायदा कोणी सांगत नाही, तो म्हणजे परीक्षा खराब गेली तर फारसं काही बिघडत नाही. स्कोअर कॉलेजच्या जीपीएमधे धरत नाहीत, 2 आला तर क्रेडिट मागायचं नाही, संपलं. डुअल एनरोलमेंटचं मात्र तसं नाही, आणि तिथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

डुअल एनरोलमेंट म्हणजे हायस्कूलमधे असताना खऱ्या कॉलेजचा, बहुतेक वेळा कम्युनिटी कॉलेजचा (दोन वर्षांच्या स्थानिक पब्लिक कॉलेजचा), कोर्स घ्यायचा. तो कॉलेजच्या कॅम्पसवर असू शकतो, ऑनलाइन असू शकतो किंवा तुमच्याच शाळेत तुमच्याच टीचरनी शिकवलेला असू शकतो. एका परीक्षेवर सगळं अवलंबून नाही, सेमिस्टरभर अभ्यास केला, सी किंवा वरची ग्रेड आली की क्रेडिट. मिनेसोटाने 1985 ला हे सुरू केलं, आता जवळपास सगळीकडे आहे पण प्रत्येक राज्यात नाव आणि पैशांचे नियम वेगळे. वॉशिंग्टनमधे रनिंग स्टार्ट, त्यात ट्यूशन नाही पण पुस्तकं आणि बाकी फी आपली, आणि मेहनती पोरं हायस्कूल डिप्लोमाबरोबर असोसिएट (दोन वर्षांची) डिग्री घेऊन बाहेर पडतात. ओहायोत कॉलेज क्रेडिट प्लस, सातवीपासून घेता येतं, मात्र कोर्स नापास झाला तर डिस्ट्रिक्ट पैसे परत मागू शकतं. फ्लोरिडात ट्यूशन माफ, पण कॉलेज कोर्ससाठी 3.0 चा अनवेटेड (अवघड विषयांचं जास्तीचं वजन न धरलेला) जीपीए लागतो. जॉर्जियात सरकार पैसे भरतं ते 30 सेमिस्टर तासांपर्यंतच, म्हणून तिथे कुठले कोर्स त्या तीसमधे घालायचे हे विचार करून ठरवा. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला 46 डॉलर आहे, ती हायस्कूलच्या मुलांना बहुतेक कॉलेजं माफ करतात.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण जवळून दाखवते कारण बाकीकडेही साधारण असंच असतं. आधी सीसीसीअप्लायवर (कम्युनिटी कॉलेजांच्या अर्जाच्या साइटवर) मुलाच्या नावाने अर्ज, दोन-चार दिवसांत स्टुडंट आयडी येतो. मग त्या कॉलेजचा हायस्कूल विद्यार्थ्यांचा फॉर्म, त्यावर कोर्सचं नाव, पालकांची सही, शाळेच्या काउन्सेलर किंवा प्रिन्सिपलची सही. बऱ्याच ठिकाणी हा फॉर्म प्रत्येक टर्मला नवा लागतो, आणि काउन्सेलर जूनमधे सुट्टीवर गेले की सही मिळत नाही, म्हणून समरचा कोर्स हवा असेल तर मेच्या पहिल्या आठवड्यात सही घेऊन ठेवा. हायस्कूलच्या मुलांना रजिस्ट्रेशनची तारीख सगळ्यात शेवटी मिळते त्यामुळे संध्याकाळच्या आणि ऑनलाइनच्या जागा भरलेल्या असतात, अशा वेळी वेटलिस्टवर नाव घालायचं आणि पहिल्या दिवशी प्रोफेसरना नम्रपणे मेल करायचा, पहिल्या आठवड्यात बरेच जण गळतात. रेसिडेन्सीचे प्रश्न येतील तिथे एच-4 वरच्या (एच-1बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) मुलांनी ग्रुपवर विचारून अंदाजाने टिकमार्क करू नये, कॉलेजच्या अॅडमिशन ऑफिसला विचारावं, राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत.

कॅलिफोर्नियाच्या मुलांसाठी आणखी एक. कम्युनिटी कॉलेजचा 3 सेमिस्टर युनिटचा ट्रान्सफरेबल कोर्स यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) हायस्कूलच्या पूर्ण एका वर्षाच्या बरोबरीचा धरतं. कुठला कोर्स कुठल्या यूसी किंवा सीएसयूमधे (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत) कशाच्या जागी चालतो ते असिस्ट डॉट ऑर्गवर कॉलेज टू कॉलेज बघता येतं. टेक्सास आणि फ्लोरिडात सगळ्या पब्लिक कॉलेजांची कोर्स नंबरांची सामाईक पद्धत आहे, तिथे नंबर जुळला की काम सोपं. राज्याबाहेर किंवा प्रायव्हेटला जायचं असेल तर मात्र गृहीत धरू नका. बरीच नावाजलेली प्रायव्हेट कॉलेजं हायस्कूलच्या इमारतीत शिकवलेल्या किंवा हायस्कूल डिप्लोमासाठी मोजलेल्या कोर्सला क्रेडिट देत नाहीत.

आता धोका. ही ग्रेड कायमची असते. सोळाव्या वर्षी घेतलेला केमिस्ट्रीचा सी कॉलेजच्या अधिकृत ट्रान्सक्रिप्टवर राहतो, पुढे कॉलेजला अर्ज करताना तो दाखवावा लागतो. आणि ज्यांना पोरांना डॉक्टर करायचंय (म्हणजे आपल्यातले निम्मे) त्यांनी हे दोनदा वाचा, मेडिकल स्कूलच्या एएमसीएएस अर्जात हायस्कूलमधे घेतलेले कॉलेज कोर्ससुद्धा द्यावे लागतात आणि त्यांच्या ग्रेड जीपीएमधे धरल्या जातात. म्हणून पहिला डुअल कोर्स बायोलॉजी किंवा केमिस्ट्रीचा घेऊ नका. पब्लिक स्पीकिंग, सोशिऑलॉजी, आर्ट अप्रीसिएशन असं काहीतरी घ्या, मुलाला सिलॅबस वाचणं, डेडलाइन पाळणं, ऑफिस अवर्सला जाणं जमतंय का ते कळेल. नाहीच जमलं तर ड्रॉपची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर टाकून ठेवलेली असू दे. त्या तारखेच्या आत सोडलं तर रेकॉर्डवर काही येत नाही, नंतर सोडलं तर डब्ल्यू (कोर्स मधेच सोडल्याची नोंद) येतो, आणि न सांगता जायचं बंद केलं तर सरळ एफ.

आणि आईबाबा, इथे तुमची पालकगिरी चालत नाही. कॉलेजच्या कोर्सच्या नोंदींचे हक्क फर्पा कायद्याने मुलाकडे असतात, मूल पंधराचं असलं तरी. तुम्ही प्रोफेसरना मेल करून "आमच्या चिरंजीवांचं कसं चाललंय" विचारलंत तर उत्तर येणार नाही, आलंच तर विद्यार्थ्याला मेल करायला सांगा असं येईल. मुलाने संमतीचा फॉर्म भरला तर ऑफिस बोलू शकतं, पण खरं तर मेल लिहिणं मुलानेच शिकावं, त्यासाठीच तर कॉलेजचा कोर्स घेतलाय ना.

सीएलईपी, ज्याला सगळे क्लेप म्हणतात, ती पण कॉलेज बोर्डाचीच पण एपीइतकी चर्चेत नसलेली परीक्षा. 34 विषय, बहुतेक पेपर 90 मिनिटांचे, वर्षभर कधीही देता येतात, स्कोअर 20 ते 80 मधे आणि साधारण 50 ला पास धरतात. फी एपीच्याच आसपास, वर सेंटरची वेगळी फी असू शकते. मॉडर्न स्टेट्स नावाची संस्था फुकट ऑनलाइन कोर्स देते आणि तो पूर्ण केला की परीक्षेचं व्हाउचरही देते, म्हणजे खिशातून काहीच नाही. मग सगळेच का देत नाहीत, तर मोठ्या नावांची कॉलेजं घेत नाहीत म्हणून. कॅलिफोर्नियातच बघा, सीएसयू घेतं आणि यूसी घेत नाही. पोरगं राज्याच्या पब्लिक कॉलेजात नक्की जाणार असेल आणि त्यांच्या टेबलमधे क्लेप असेल तर बारावीच्या उन्हाळ्यात दोन-तीन परीक्षा देऊन टाकणं हा पैशाच्या मानाने सगळ्यात स्वस्त मार्ग आहे असं माझं मत. नापास झालात तर तीन महिने थांबून परत देता येते.

आयबीवाल्यांना (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट अभ्यासक्रमाच्या मुलांना) एवढंच, क्रेडिट मुख्यतः हायर लेव्हलच्या विषयांना मिळतं, 7 पैकी 5, 6 किंवा 7 किती लागतील ते कॉलेजप्रमाणे बदलतं, स्टँडर्ड लेव्हलला बऱ्याच ठिकाणी काहीच नाही. यूसी मात्र 30 किंवा जास्त पॉइंट्सच्या पूर्ण डिप्लोमाला 30 क्वार्टर युनिट देतं. आणि अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे युनिव्हर्सल लर्नर कोर्सेस हा एक वेगळा प्रकार आहे, थोडी फी भरून आधी कोर्स करायचा आणि ग्रेड आवडली तरच बाकीचे पैसे भरून ती ट्रान्सक्रिप्टवर घ्यायची, घाबरट मुलांना (आणि त्यांच्याहून घाबरट पालकांना) हे बरं पडतं.

भाषेचंही बघा. बऱ्याच राज्यांत सील ऑफ बायलिटरसी (इंग्लिशशिवाय आणखी एक भाषा नीट येते याचा दाखला) मिळतं, आणि इलिनॉय, मिनेसोटासारख्या राज्यांत पब्लिक कॉलेजं त्यावर भाषेचं क्रेडिट देतात. रविवारच्या मराठी शाळेत वर्षानुवर्षं कुरकुरत गेलेली मुलं असतील तर आपल्या डिस्ट्रिक्टला मराठीची परीक्षा चालते का हे नक्की विचारा, एरवी स्पॅनिशच्या दोन सेमिस्टरना जे पैसे आणि वेळ जातो तो वाचू शकतो.

मग किती घ्यायचं. क्रेडिट जास्त म्हणजे फी कमी असं सरळ नसतं, कारण फुल टाइम फी बऱ्याच ठिकाणी ठोक असते आणि पोरगं मित्र, इंटर्नशिप, डबल मेजर या नादात चार वर्षं राहिलं तर एक डॉलर वाचत नाही. वाचतात ते एखादं सेमिस्टर आधी बाहेर पडलं तर. पण दुसरे फायदे आहेत, जास्त क्रेडिट असलेल्यांना बऱ्याच कॉलेजात रजिस्ट्रेशनची तारीख आधी मिळते, कठीण सेमिस्टरला एक कोर्स कमी घेता येतो. आणि हायस्कूल संपायच्या आत घेतलेल्या क्रेडिटमुळे मूल ट्रान्सफर विद्यार्थी होईल, फ्रेशमन स्कॉलरशिप जाईल अशी जी भीती पसरलेली असते ती सहसा खोटी, अर्ज फ्रेशमन म्हणूनच होतो, तरी कॉलेजच्या पानावर एकदा खात्री करा.

एक गोष्ट मी ठामपणे सांगेन. मेजरच्या पायाचा कोर्स क्रेडिट मिळालं म्हणून आंधळेपणाने सोडू नका. 4 मिळवून कॅल्क्युलस वन सुटला आणि थेट कॅल्क्युलस टूमधे जाऊन पोरगं गटांगळ्या खातंय हे दर वर्षी दिसतं. कॉलेजच्या त्या कोर्सचा जुना फायनल पेपर मिळवा, घरी टायमर लावून सोडवू द्या. आरामात सुटला तर पुढे जा, नाही तर परत घ्या. पण सायकॉलॉजी, हिस्टरी, इंग्लिशची अट सुटली असेल तर खुशाल सोडा.

अॅडमिशन झाल्यावरचं काम लोक विसरतात. एपीचा एक स्कोअर रिपोर्ट दर वर्षी 20 जूनपर्यंत फुकट पाठवता येतो, बारावीत तो कॉलेज नक्की झालं की तिकडे लावा, नंतर पाठवलात तर पैसे पडतात. त्यात आतापर्यंतचे सगळे स्कोअर जातात, एखादा दाखवायचाच नसेल तर तो थांबवून ठेवायची सोय आहे. डुअल एनरोलमेंटचं तसं नाही, हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर कोर्स दिसतो म्हणून भागत नाही, कम्युनिटी कॉलेजकडून वेगळा अधिकृत ट्रान्सक्रिप्ट मागवावा लागतो, प्रत्येक कॉलेजचा वेगळा. शेवटच्या टर्मची ग्रेड लागल्यावर मागवा, आधी मागवला तर ती त्यात नसते. प्रत्येक डुअल कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवा, कोर्स संपला की पोर्टलचा अॅक्सेस जातो आणि नेमका तेव्हाच कॉलेजचा डिपार्टमेंट विचारतो की काय शिकवलं होतं. आमच्याकडे मोठीच्या वेळी स्टॅटिस्टिक्सचं क्रेडिट आधी इलेक्टिव्हमधे टाकलं होतं, सिलॅबस आणि पुस्तकाचं नाव जोडून डिपार्टमेंटला मेल केल्यावर ते मेजरच्या अटीत आलं.

काही ठिकाणी क्रेडिट आपोआप लागतही नाही. टेक्सासच्या ऑस्टिनमधल्या युनिव्हर्सिटीत स्कोअर पोचला तरी विद्यार्थ्याला ऑनलाइन जाऊन क्रेडिट क्लेम करावं लागतं, आणि क्लेम केलेलं परत काढणं सोपं नसतं, म्हणून तिथे अॅडव्हायझरशी बोलून मगच बटण दाबायचं. ओरिएंटेशनच्या आधी मुलाला डिग्री ऑडिट उघडायला लावा, प्रत्येक परीक्षेच्या आणि कोर्सच्या नावापुढे ते कुठल्या अटीत बसलंय ते दिसतं, जे दिसत नाही त्याची यादी करून ओरिएंटेशनला अॅडव्हायझरसमोर ठेवायची, आणि हे रजिस्ट्रेशन करायच्या आधी, कारण एकदा का तोच कोर्स परत घेतला की बहुतेक ठिकाणी आधीचं क्रेडिट रद्द होतं.